धुराचा जमाखर्च

आपल्या घरांतून चूल पेटविण्यापूर्वी सरपण पुंजणीने हलकेच झाडून घेण्याची रीत होती. लाकडाच्या सालीत दडलेला एखादा जीव आगीत जाऊ नये, हा तिचा हेतू. घरच्या चुलीपाशी पाळलेली ही यतना कारखान्याच्या बॉयलरपाशीही पाळता येईल काय? आमच्या मते येईल. आणि तिचा मार्ग दहनशास्त्राने दाखवून दिला आहे.

गोरवा हे एके काळी बडोदे शहराबाहेरील खेडे होते. आज ते शहरात सामावले आहे. तेथील औद्योगिक वसाहत आणि लोकांची घरे यांत फारसे अंतर उरलेले नाही. अशा ठिकाणी धुराड्यातून निघालेला काळा धूर कोणाच्या तरी अंगणात उतरावयाचाच. म्हणून इंधन जाळणे हा केवळ खर्चाचा नव्हे, तर शेजारधर्माचाही प्रश्न आहे.

शास्त्रांनी श्रावकास वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म आणि वनकर्म येतात. भुईमुगाची टरफले, कपाशीच्या पऱ्हाट्या, लाकडाचा भुसा यांच्या दाबून केलेल्या कांड्यांना बाजारात ‘पांढरा कोळसा’ म्हणतात. शेतातील अशा उरल्यासुरल्या मालासाठी झाड तोडावे लागत नाही, हे खरे. तथापि अग्नी तो अग्नीच. तो पेटविणे अपरिहार्य असेल, तर निदान तो वाया जाऊ नये.

आता थोडा हिशेब पाहू. १०० किलो इंधनात ३० टक्के ओल असेल, तर आपण ३० किलो पाणी इंधनाच्या भावाने विकत घेतले. एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे उरलेल्या ७० किलोंपैकी साडेचार किलोंच्या आसपास इंधन केवळ ते पाणी उडविण्यात खर्ची पडले. शिवाय भट्टी थंडावली ती निराळीच.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. काडीकचरा तापला की त्याच्या कोरड्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग वायुरूपाने बाहेर पडतो. हा वायू पुरेशा उष्णतेत, पुरेसा वेळ, हवेशी नीट मिसळला, तरच तो पूर्ण जळतो. हवा कमी पडली, तर काजळी, डांबर आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड होऊन तो धुराड्यावाटे निघून जातो; हवा अतोनात झाली, तर तीच उष्णता घेऊन पळते. काळा धूर म्हणजे वहीत न मांडलेला तोटाच होय; आणि त्या तोट्याची किंमत शेजाऱ्याची फुप्फुसे चुकवितात.

हा वायू आधी निर्माण करून मग जाळावा, या विचारातून गॅसिफायर आला. बडोद्यातील अंकुर सायंटिफिक ही कंपनी १९८६ पासून या क्षेत्रात आहे. महाराष्ट्रात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी हे अभियंते १९८१ साली अमेरिकेतून येऊन दाखल झाले. ऊसतोडीनंतर शेतात पेटवून दिला जाणारा पाचट त्यांच्या दृष्टीस पडला. हलका, मोकळा पाला यंत्रात सरळ खाली सरकत नाही, हीच मुख्य अडचण. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पाल्यासाठीच यंत्र सिद्ध केले. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ते ताशी १०८० मेगाज्यूलपर्यंत, म्हणजे सुमारे २६ किलो भट्टीतेलाइतकी उष्णता देऊ शके. शिवाय इंधनाच्या वजनाच्या सुमारे २४ टक्के कोळसा हाती उरे. शेतात नुसता धूर होणारी वस्तू अशा रीतीने जमेच्या बाजूस आली.

इतके करूनही राख उरतेच. जाड कण सायक्लोनमध्ये भोवऱ्याने खाली बसतात. बारीक कणांसाठी कापडी पिशव्यांची गाळणी लागते, किंवा विद्युत्-भाराने कण ओढून घेणारे यंत्र. पाण्याच्या फवाऱ्यानेही धूर धुता येतो. परंतु ते मलिन पाणी शुद्ध न करता सोडले, तर आकाशातील दोष जलात गेला, इतकेच! म्हणून अखेरीस गाळण्यापेक्षा मुळातच स्वच्छ जाळणे श्रेयस्कर.

या गावात विद्या आणि व्यापार यांची गाठ जुनी आहे. कलाभवन १८९० साली निघाले, तेथील प्रा. गज्जर यांनी श्री. कोटिभास्कर व श्री. अमीन यांच्यासह १९०७ साली अलेम्बिकचा पाया घातला. कलाभवनाचा वारसा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा चालवीत आहे. आमच्या बंधूंनी तिचे दार ठोठावण्यास संकोच करू नये.

तूर्त एवढे तरी करावे: इंधन छपराखाली, कोरडे ठेवावे आणि भट्टीत घालण्यापूर्वी चाळावे. ओल गेली की कीडही कमी पडते. नफा आणि जीवरक्षा येथे एकाच वाटेने चालतात. आणि रोज सकाळी पेढीवर बसण्यापूर्वी आपल्या धुराड्याकडे एकदा मान वर करून पाहावे. पुंजणी हातात नसली, तरी यतना डोळ्यांत असावी.