बछड्यांच्या मोजणीपलीकडे

छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातल्या प्राणिसंग्रहालयाच्या गेल्या काही वर्षांच्या बातम्या चाळल्या, तर बारशाच्याच बातम्या जास्त सापडतात. समृद्धी वाघिणीला एप्रिल २०१९ मध्ये चार बछडे झाले, डिसेंबर २०२० मध्ये पाच. शहर हरखून गेलं. पण वाघीण पिंजऱ्यातही सहज विते. पिल्लं झाली म्हणजे जनावर सुखात आहे, असं होत नाही. उलट जागा तेवढीच आणि वाघ वाढलेले, अशी अडचण होते.

२०१९ च्या बारशाच्या काही महिने आधी, २०१८ च्या अखेरीस, केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने याच संग्रहालयाची मान्यता रद्द केली होती. मुख्य आक्षेप अपुऱ्या जागेचा. महापालिकेने धावपळ केली, संग्रहालय वाचलं. त्या आक्षेपांवर शहरात जितकं बोलणं व्हायला हवं होतं, तितकं झालं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

हत्तींचा प्रश्न त्याहून जुना. संग्रहालयांत हत्ती ठेवू नयेत, असा आदेश प्राधिकरणाने २००९ मध्येच काढला. मैलोन्‌मैल चालणारं, कळपात राहणारं हे जनावर. त्याला बसस्थानकाशेजारच्या बागेत काय मिळणार? तरी सरस्वती आणि लक्ष्मी या इथल्या हत्तिणी आणखी काही वर्षं इथेच राहिल्या आणि मग विशाखापट्टणमच्या प्राणिसंग्रहालयात गेल्या. मुलांना हळहळ वाटली असेल, पण निर्णय योग्यच होता.

उन्हाळ्यात वाघांसाठी कूलर लागतात, पाणी फवारलं जातं. हे हवंच. पण वाघ एकाच रेषेत किती वेळ येरझाऱ्या घालतो, गर्दी वाढली की लपायला जातो का, मांस नुसतं पुढे टाकलं जातं की शोधायला लावलं जातं, हे कुणी रोज लिहून ठेवतं का? विष्ठेतल्या संप्रेरकांवरून ताण मोजता येतो, पण पिंजऱ्याशी रोज राबणाऱ्या केअरटेकरची नजर त्याआधी कामी येते. त्याची नोकरी कायम हवी, हाताशी पूर्णवेळ पशुवैद्य हवा.

मिटमिटा परिसरातल्या शंभर एकरांत नवं प्राणिसंग्रहालय उभारायचं ठरलं, ते याच अपुऱ्या जागेमुळे. तिथे वाघ हलवण्याआधी प्रत्येक वाघाचा इथला दिवस कसा जातो, याची वर्षभराची नोंद महापालिकेने करून ठेवावी. नाहीतर तिथे गेल्यावर त्याचं बरं झालं की नाही, हे ताडून कशाशी पाहणार?