मॉरिशसची सहल : आधी सूर्यास्त पाहावा, मग रिसॉर्ट

परदेशी सहलीचा विषय घरात निघाला की प्रथम मुलांच्या सुट्ट्या पाहिल्या जातात, मग विमानाची तिकिटे, मग रिसॉर्टची छायाचित्रे. सर्व ठरत आल्यावर कोणीतरी विचारते, ‘आजींचे काय?’ आजींचे उत्तर बहुधा तयार असते : ‘तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते.’ त्यांचा चौविहार असतो, कंदमूळ वर्ज्य असते आणि आपल्यामुळे इतरांची अडचण होऊ नये ही काळजी असते. सर्वांना थोडे हायसे वाटते आणि थोडे वाईटही वाटते. वास्तविक हाच प्रश्न शेवटी न विचारता प्रारंभी विचारला, तर सहलीची आखणी निराळी होते, आणि बहुतेक वेळा ती सर्वांच्याच दृष्टीने अधिक चांगली होते. मॉरिशसचे उदाहरण घेऊन हे पाहता येईल.

बेट लहान, पण एकसारखे नाही

हिंदी महासागरातील हे बेट सुमारे ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद आहे. मुंबईहून थेट विमानाने सहा-साडेसहा तासांत तेथे पोचता येते. घड्याळ भारताच्या दीड तास मागे असते. वाहने आपल्याप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. भारतीय पर्यटकास आगाऊ व्हिसा घ्यावा लागत नाही. मात्र परतीचे तिकीट, निवासाचे आरक्षण आणि खर्चाची तजवीज विमानतळावर दाखवता आली पाहिजे. नियम बदलत असल्याने निघण्यापूर्वी ते पुन्हा एकदा पाहून घ्यावेत.

बेट लहान म्हणून रिसॉर्ट कोठेही घेतले तरी चालेल, असे अनेकांना वाटते. येथेच पहिली चूक होते. बेटाच्या बहुतेक भागाभोवती प्रवाळाची भिंत आहे. तिच्यामुळे किनाऱ्यालगतचे पाणी उथळ आणि शांत राहते. परंतु आग्नेयेकडून वाहणारे वारे पूर्व किनाऱ्यावर थेट येतात आणि जून ते सप्टेंबर या तेथील हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. बेल मारचा पूर्व किनारा दिसावयास अत्यंत सुंदर आहे. पण त्या महिन्यांत ज्येष्ठांना संध्याकाळी बाहेर बसणे कठीण जाते. उत्तरेकडील ग्राँ बे आणि पश्चिमेकडील फ्लिक-आँ-फ्लाक हे भाग त्या मानाने सुरक्षित व उबदार राहतात. शिवाय तेथे दुकाने, भाजीबाजार आणि भारतीय पद्धतीची भोजनालये जवळ मिळतात. दक्षिणेस सुईयाकजवळील ग्री-ग्री येथे प्रवाळभिंत तुटलेली आहे. तेथे लाटा पाहाव्यात, पाण्यात उतरू नये.

ऋतूचेही तसेच. वादळांचा धोका जानेवारी ते मार्च या काळात सर्वाधिक असतो. डिसेंबरच्या अखेरीस दर सर्वात चढे असतात. शाळांच्या सुट्ट्यांशी जुळणारे दोन चांगले काळ म्हणजे एप्रिल-मे आणि दिवाळीनंतरचे दिवस. दिवाळीला तेथेही सार्वजनिक सुट्टी असते.

जेवणाचा करार

रिसॉर्टचे दर तीन-चार प्रकारचे असतात. केवळ नाश्त्यासह, नाश्ता व रात्रीच्या जेवणासह, म्हणजे हाफ बोर्ड, तिन्ही जेवणांसह, आणि सर्वसमावेशक, ज्यात मद्यही धरलेले असते. प्रवासी संस्था बहुधा हाफ बोर्ड किंवा सर्वसमावेशक दर पुढे करतात, आणि दर दिवसाला विभागून पाहिला तर तो स्वस्तही वाटतो.

आता सूर्यास्त पाहावा. मे महिन्यात मॉरिशसमध्ये सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, दिवाळीच्या सुमारास सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान, आणि जानेवारीत सातच्या आसपास. रिसॉर्टमधील रात्रीचे जेवण मात्र साधारणतः सातनंतर सुरू होते. म्हणजे ज्यांचा चौविहार आहे, त्यांच्या जेवणाचे पैसे भरले जातात आणि ताट तसेच राहते. समजा, हाफ बोर्डसाठी माणशी रोज ३० युरो अधिक पडतात आणि घरातील सात जण सहा रात्री राहणार आहेत. एकूण अधिक रक्कम १,२६० युरो झाली. त्यांपैकी तिघे सूर्यास्तानंतर जेवत नसतील, तर ५४० युरो केवळ न जेवल्याबद्दल दिले गेले. सर्वसमावेशक दर घेतल्यास न पिणाऱ्या घराला मद्याचाही भार उचलावा लागतो.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला, केवळ नाश्त्यासह दर घेऊन, लहानसे स्वयंपाकघर असलेली निवासाची जागा निवडणे. अशा जागा उत्तर आणि पश्चिम किनाऱ्यावर मिळतात. तेथे सायंकाळी पाच वाजता खिचडी होऊ शकते, पाणी उकळता येते आणि उरलेले कुटुंब नंतर बाहेर जेवू शकते. दुसरा, मोठे रिसॉर्टच हवे असल्यास सायंकाळचे जेवण पाच वाजता खोलीत किंवा उपाहारगृहात मिळेल का, हे आरक्षणापूर्वी लेखी विचारणे. हे पत्र आरक्षण विभागाला नव्हे, तर मुख्य आचाऱ्यापर्यंत पोचावे असा आग्रह धरावा. ‘जैन जेवण मिळेल’ एवढे उत्तर पुरेसे नाही. अंडे नाही, कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, आले यांपैकी काही नाही, मांसाहारासाठी वापरलेले भांडे वा तेल नाही, अशी यादी फ्रेंच आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत छापून न्यावी. बेटावरील बहुतेक लोक क्रिओल व फ्रेंच बोलतात, त्यामुळे स्वयंपाकघरात फ्रेंच यादी अधिक कामास येते. तोंडी आश्वासन हे तारण नव्हे, हे व्यापारी कुटुंबांस वेगळे सांगावयास नको.

रस्त्यावर मिळणारी दालपुरी हा तेथील लाडका पदार्थ. डाळीचे सारण भरलेली ती पातळ पोळी आपल्या पुरणपोळीची तिखट बहीण शोभेल. मात्र तिच्यासोबतच्या रस्स्यात कांदा-लसूण असतेच. ती नुसती मागावी. खाखरा, सुके मेवे, भाजलेली पिठे असे कोरडे, बंद पाकिटातील पदार्थ सोबत असावेत आणि विमानतळावर विचारल्यास ते दाखवावेत. ताजी फळे, भाज्या वा बियाणे परवान्याशिवाय नेऊ नयेत.

चार दिवस बाहेर, बाकी विसावा

सहा रात्रींच्या मुक्कामात रोज बाहेर पडण्याचा मोह टाळावा. नकाशावर अंतर कमी दिसते, पण राजधानी पोर्ट लुईच्या आसपास सकाळ-संध्याकाळ गर्दी असते आणि मधल्या पठारावरील वाटा वळणाच्या आहेत. चार सहली पुरेशा होतात. प्रत्येक सहलीची वेळ सूर्यास्तापासून मागे मोजावी : सूर्यास्तापूर्वी दीड तास तरी निवासावर परत, आणि त्यावरून निघण्याची वेळ. बहुतेक वेळा ती सकाळी आठची येते.

पहिली सहल नैर्ऋत्येची. क्युरपीपचे मृत ज्वालामुखीचे विवर, गंगा तलाव, ब्लॅक रिव्हरची दरी, शामारेलचा धबधबा आणि तेथील सात रंगांची माती एका दिवसात पाहून होतात. पठारावर हवा थंड असते आणि पाऊस अचानक येतो. ज्येष्ठांसाठी शाल व छत्री जवळ असावी. परतताना ५५६ मीटर उंचीचा ले मॉर्न हा कडा दिसतो. मालकांच्या जाचातून पळालेले गुलाम येथे आसरा घेत. २००८ मध्ये युनेस्कोने त्यास जागतिक वारशाचे स्थान दिले.

दुसरी पोर्ट लुई आणि पांपलमूसची; ही रविवारी ठेवू नये, कारण राजधानी त्या दिवशी बरीचशी बंद असते. तेथील आप्रवासी घाट प्रत्येक कुटुंबाने पाहावा. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून ३६ करारबद्ध मजूर उसाच्या मळ्यांसाठी येथे उतरले. पुढील काळात ही संख्या जवळजवळ पाच लाखांवर गेली. मुंबई बंदरातून आलेल्यांत कोकणातील माणसे होती. त्यांचे वंशज आजही मराठी म्हणवून घेतात, शाळांत मराठी हा विषय घेता येतो, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते आणि जाखडीचे नाच अजून होतात. घाटाच्या दगडी पायऱ्या अवघ्या सोळा आहेत. मुलांना त्या दाखवून, येथे उतरलेली माणसे आपले घर सोडून आली होती, एवढे सांगितले तरी पुरे. तेथून पांपलमूसच्या वनस्पती उद्यानात जावे. परातीएवढ्या पानांची कमळे आणि आयुष्यात एकदाच फुलणारा तालीपाम वृक्ष तेथे आहे. वाटा सपाट असल्याने आजी-आजोबांना हा दिवस सर्वात सुखाचा जातो.

तिसरी सहल पूर्वेच्या इल ओ सेर्फ या बेटाची. दिवसभराच्या कॅटमरान फेरीत दुपारचे जेवण बोटीवरच असते आणि मासे व कोंबडी त्याच जाळीवर भाजली जाते. शाकाहारी कुटुंबाने त्रू दो दूसहून साधी बोट करून पलीकडे जावे आणि शिदोरी सोबत न्यावी. पाण्यात पायात रबरी बूट असावेत. प्रवाळ आणि समुद्री साळिंदराचे काटे पाय कापतात. प्रवाळ तोडून आणू नये.

चौथी इल ओ एग्रेत या सुमारे २६ हेक्टरच्या संरक्षित बेटाची. माणसाच्या आगमनानंतर शंभर वर्षांच्या आत डोडो पक्षी या भूमीवरून नाहीसा झाला. गुलाबी कबुतरेही १९९०च्या सुमारास निसर्गात जेमतेम दहा उरली होती. जतनाच्या प्रयत्नांनी ती आता शेकड्यांत आहेत आणि या बेटावर दिसतात. जीवदया ही कृती म्हणून कशी दिसते, हे येथे मुलांना पाहता येते. हे ठिकाण विमानतळाजवळील माएबूरच्या बाजूस असल्याने, विमान रात्रीचे असल्यास परतीच्या दिवशी साधते.

पैशाच्या चार गोष्टी

रिसॉर्टचे दर बहुधा युरोत सांगितले जातात, व्यवहार मात्र मॉरिशस रुपयांत होतो. कार्ड वापरताना यंत्राने ‘भारतीय रुपयांत भरावयाचे काय’ असे विचारल्यास नकार द्यावा. त्या सोयीचा दर महाग पडतो. १२ फेब्रुवारी २०२४ पासून आपली यूपीआय आणि रुपे सेवा तेथे सुरू झाली आहे. तरी प्रत्येक दुकानात ती असेल असे धरून चालू नये, थोडी रोकड जवळ असावी. भारतातील संस्थेकडून पॅकेज घेतल्यास त्यावर टीसीएस आकारला जातो. तो खर्च नव्हे, आगाऊ भरलेला कर आहे. म्हणून आरक्षण नियमित विवरणपत्र भरणाऱ्या व्यक्तीच्या नावे करावे आणि वर्षअखेरीस तो वजा मिळाल्याची खात्री करावी. आणि साठी उलटलेल्या प्रत्येकाचा आरोग्य विमा, जुन्या आजारांचा स्पष्ट उल्लेख करूनच, घ्यावा.

आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी तीन कागद हाती असावेत : स्वयंपाकघराचे लेखी उत्तर, रद्द केल्यास परताव्याच्या अटी, आणि त्या आठवड्यातील सूर्यास्ताच्या वेळा. ते आजींसमोर ठेवावेत आणि मग विचारावे. अडचण काय आहे हे त्यांच्याआधी घराने पाहिले आहे, असे दिसल्यावर ‘मी घर सांभाळते’ हे उत्तर बदलण्याची शक्यता पुष्कळ असते. तरीही त्यांनी नाहीच म्हटले, तर तो त्यांचा निर्णय असेल, नाइलाज नव्हे.