वरच्या खोलीतला भाडेकरू

समलिंगी प्रेमाच्या कादंबऱ्या मी गेली काही वर्षं झपाटल्यासारखा वाचतो आहे. वऱ्हाडातल्या वरवट बकालला राहून हा नाद करायचा म्हणजे पुस्तकं कुरियरने मागवायची, नाहीतर पुण्या-मुंबईहून येणाऱ्या कुणाला तरी सांगून ठेवायचं. अलीकडे इंग्रजीत अशा प्रेमकथांचं पीकच आलं आहे. केसी मॅकक्विस्टनच्या २०१९ च्या कादंबरीत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा मुलगा थेट ब्रिटनच्या राजपुत्राच्या प्रेमात पडतो. मजा आली, पण मन गुंतलं नाही. ॲलिस ओसमनच्या ‘हार्टस्टॉपर’ या चित्रकथेतला निक आईला आपलं गुपित सांगतो आणि ती त्याला जवळ घेते, तिथे मात्र डोळे भरून आले.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये समलिंगी संबंधांना दिलासा दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो २०१३ मध्ये काढून घेतला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. लग्नाचा हक्क २०२३ मध्ये नाकारला गेला.

मला बोलायचं आहे ते सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’बद्दल. ही कादंबरी २००६ ची. पुण्यातलं जोशींचं मध्यमवर्गीय घर. वरची खोली एका तरुण चित्रकाराला भाड्याने दिलेली. घरातला तनय त्याच्या प्रेमात पडतो आणि तनयची बहीण अनुजाही. ती त्याच्याबरोबर पळून जाते. काही महिन्यांनी तो तिलाही सोडून निघून जातो. या माणसाला लेखकाने शेवटपर्यंत नाव दिलेलं नाही. पहिल्या भागात तनय त्याला ‘तू’ म्हणत, तो समोर नसताना सगळं सांगत राहतो. दुसरा भाग ही अनुजाची डायरी. तेच घर, तोच माणूस, पण भावाला दिसलेला वेगळा आणि बहिणीला दिसलेला वेगळा. पुन्हा वाचताना मी तनयचं एक पान, मग अनुजाचं एक पान असं उलटसुलट वाचलं. एका छपराखाली राहणाऱ्या दोघांचं एकच दुःख, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही! मराठीत विरहाचं इतकं नेमकं लिखाण मी फार कमी वाचलं आहे.

शेजारच्या मावशींना वाचनाची फार आवड, म्हणून पुस्तक त्यांना दिलं. परत करताना त्या म्हणाल्या, “पोरगी वापस आली थे साऱ्याइले दिसलं. पोराचं दुख कोनाले दिसलं?” माझ्या मते कादंबरीवरचं याहून नेमकं परीक्षण नाही. जेरी पिंटोंनी २०१३ मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद केला. २०२२ चा चित्रपट खुद्द कुंडलकरांनीच केला, पण कथा कोचीला नेली. मला पुण्याचं ते घरच हवं होतं.

‘कोबाल्ट ब्लू’च्या कितीतरी आधी तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आलं. रोहिणी हट्टंगडींनी त्यातली सुमित्रा, म्हणजेच मित्रा, उभी केली. नाटक धीटच, पण मित्रा शेवटी जीव देते, हे मला आजही सोसत नाही. पुण्यात ‘समपथिक ट्रस्ट’ उभा करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’ ही कादंबरी कलाकुसरीच्या नादी लागत नाही. घाबरलेल्या पोराला धीर देते. ते कामही मोठंच.

शेवटाचा विषय निघाला की इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर आठवतात. १९२१ मध्ये हे गृहस्थ देवास थोरली पातीच्या तुकोजीराव पवारांचे खासगी सचिव होते, म्हणजे मराठी दरबारातच. त्यांच्याजवळ तेव्हा ‘मॉरिस’चं हस्तलिखित लिहून तयार होतं. त्यात दोन पुरुष शेवटी एकत्र राहतात. हा सुखाचा शेवट बदलायला ते तयार नव्हते, म्हणून कादंबरी छापली गेली ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९७१ मध्ये.

रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपटांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्यात बापाच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि गावातला बाळ्या यांचं प्रेम अगदी संथपणे उमलतं. चित्रपटाने गाव गाठलं. आता कादंबरीने वऱ्हाड गाठावं. शेगावच्या फलाटावर कुणाची तरी वाट पाहणारा, कापसाचे पैसे हातात आल्यावर त्याच्यासाठी शर्ट घेणारा नायक मला वाचायचा आहे. मावशींनी तर आताच सांगून ठेवलंय, तसं पुस्तक आलं की आधी त्यांच्याकडे द्यायचं.