दोन सुतांचा हिशेब

पाव इंच म्हणजे दोन सूत. तुकडे जोडून गोधडी करायची तर शिवणीसाठी दोन्ही कापडांची एवढी माया सोडायची, हा नियम क्विल्टिंगच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात सापडतो. नियमात खोट काही नाही. पण नव्याने शिकणाऱ्या बाईला त्याचा असा धाक बसतो की ती टेप घेऊन शिवणी मोजत बसते, दोनऐवजी अडीच सूत भरली की उसवते, आणि पुढची शिवण नकळत पावणेदोन सुतांची घालते. माझे म्हणणे असे की पहिली शिवण उसवायला नकोच होती. शिवणी अडीच सुतांच्या तर अडीच सुतांच्या. पहिल्या तुकड्यापासून शेवटच्यापर्यंत त्या तशाच पडल्या पाहिजेत. गोधडीची घरे एकमेकांना भिडतात ती माया सारखी असल्यामुळे. ती पुस्तकाबरहुकूम असणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तिची गरज फार थोड्या ठिकाणी पडते.

हे आकड्यांत मांडून बघू. अडीच इंची चौकोन कापले आणि दोन सूत माया धरली तर शिवून झाल्यावर प्रत्येक चौकोन दोन इंचांचा दिसतो. वीस चौकोनांची ओळ चाळीस इंच भरते. आता माया सगळीकडे अडीच सूत पडली असे समजा. प्रत्येक चौकोन दोन्ही बाजूंनी मिळून एक सूत कमी होईल आणि ओळ साडेसदतीस इंचांवर येईल. अडीच इंच गेले, ही तूट कागदावर मोठी वाटते. पण दुसरी, तिसरी, विसावी ओळही साडेसदतीसच भरेल, चारही कोपरे प्रत्येक ठिकाणी एकमेकांवर बसतील, आणि पांघरणाऱ्याला काहीही कळणार नाही. याउलट एक ओळ दोन सुतांनी आणि तिच्याखालची अडीच सुतांनी शिवली तर दहाव्या चौकोनाला पोहोचेपर्यंत दोन ओळींत सव्वा इंचाचे अंतर पडते. म्हणजे दोन इंचांच्या घरात निम्म्याहून अधिक सरक. मग खालची ओळ ओढून ताणून बसवायची, वरचीला चुण्या घालायच्या, आणि एवढे करूनही गोधडी अंथरली की मध्ये फुगा येतो. पहिल्या गोधडीत चूक मोठी होती, तरी ती निरुपद्रवी ठरली. दुसरीत अर्ध्या ओळी अगदी नियमाप्रमाणे होत्या आणि तरी काम बिघडले.

मग नेमकेपणाला काही अर्थच नाही का? आहे, आणि तो कुठे आहे हे मनमाडकरांना तरी वेगळे समजावून सांगायला नको. मुंबईहून आलेली रुंद मापाची लाइन रुळांत साडेपाच फुटांची, सिकंदराबादहून निजामाच्या मुलखातून आलेली लाइन एक मीटरची. आपापल्या वाटेवर दोन्ही निर्दोष होत्या. शेकडो मैल रुळांमधले अंतर सारखे होते म्हणून गाड्या धावत होत्या. साडेपाच फूट बरोबर आणि एक मीटर चूक असे कुणी म्हणू शकत नव्हते. अडचण यायची ती दोन मापे भेटत त्या मनमाडात. तिथे एका गाडीतला माल उतरवून दुसरीत चढवावा लागे, आणि 1990 च्या दशकात रूळ बदलले गेले तेव्हा ते थांबले. गोधडीतही असे जंक्शन असते. नऊ घरांचा ब्लॉक आणि त्याच्याशेजारी एकसंध कापडाचा साधा चौकोन, ही रचना घ्या. नऊ घरांसाठी अडीच इंची तुकडे, साध्यासाठी साडेसहा इंची. दोन सूत मायेने दोन्ही शिवल्यावर सहा इंच होतात. माया सगळीकडे अडीच सूत पडली तर नऊ घरांचा ब्लॉक पाच इंच पाच सूत होतो आणि साधा चौकोन पाच इंच सात सूत. माया सारखी आहे, हात सारखा आहे, तरी दोन सुतांचा फरक पडला, कारण एकात शिवणी जास्त आहेत आणि दुसऱ्यात कमी. इथे नुसता सारखेपणा पुरत नाही. पण उपाय मागे जाऊन सगळे उसवण्यात नाही. नऊ घरे आधी शिवावीत, इस्त्री करावी, कडेपासून कडेपर्यंत मोजावे. ती सव्वासहा इंच भरतील. मग साधा चौकोन साडेसहाऐवजी सव्वासहाच कापावा. पुस्तकातले माप बाजूला ठेवून हातातल्या कामाचे माप घेतले की जंक्शनही सुटते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की आमच्या आज्यांनी कधी टेप हातात धरला नाही आणि त्यांच्या गोधड्या दोन पिढ्या टिकल्या. खरे आहे. पण ती गोधडी वेगळ्या रीतीने होते. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरून थर करायचा, वर तुकडे कडा दुमडून ठेवायचे आणि सगळ्यांतून धावदोरा घालत न्यायचा. हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांची कवंद नावाची गोधडीही अशीच कडेकडून मध्याकडे भरत जाते. या रीतीत प्रत्येक तुकडा खालच्या थरावर नजरेने बसतो. एक तुकडा थोडा मोठा दुमडला गेला तरी पुढचा त्याच्यावर जरा सरकवून लावता येतो. चूक जिथल्या तिथे जिरते. मशीनवर तुकड्याला तुकडा जोडताना खाली आधार नसतो. प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याला बांधलेला, म्हणून चूकही पुढच्याला वारशाने मिळत वाढत जाते. आज्यांचे कौशल्य मी जराही कमी लेखत नाही, पण त्यांच्या रीतीतली मोकळीक या रीतीला लागू होत नाही. आणि नीट पाहिले तर त्यांच्या धावदोऱ्यात सारखेपणा असतोच. एका हातचे टाके एका लांबीचे पडतात, आणि त्या टाक्यांवरून गोधडी कुणाची ते ओळखणाऱ्या बायका असतात.

दुसरा आक्षेप शिकवणाऱ्यांचा, आणि तो जास्त वजनदार आहे: आधी अचूक माप साधा, सारखेपणा आपोआप येईल. तर्क बरोबर वाटतो, पण अचूक कशाला म्हणायचे हेच इथे घसरते. शिवण दुमडली की घडीत थोडे कापड जाते. पातळ सुती लुगड्यात ते धाग्याभराचे असते. जीन्सच्या किंवा जाड चादरीच्या तुकड्यात बरेच जास्त. मनमाडजवळच मालेगाव असल्याने या भागात पॉवरलूमच्या साड्यांचे कापड घराघरांत असते, त्याच ढिगात टेरिकॉटचा शर्ट असतो आणि पोरांच्या जुन्या जीन्सही. तिन्ही कापडांवर शिवण बरोबर दोन सुतांची घातली तरी दिसणारे चौकोन तीन मापांचे होतील. म्हणून शिवण मोजण्याऐवजी शिवून उरलेले कापड मोजावे. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या एकमेकींना जोडा, इस्त्री करा, मधली मोजा. ती इंचभर भरली तर पुस्तकातली मापे जशीच्या तशी चालतील. कमी भरली तर किती कमी ते लिहून ठेवा आणि कापायची मापे त्याप्रमाणे वाढवा. यानंतर सुईपासून ठरलेल्या अंतरावर मशीनच्या पाट्यावर चिकटपट्टीचे चारपाच थर चिकटवले की कापडाची कड त्याला घासत जाते आणि डोळ्यांवरचा ताण संपतो. खालचे दाते खालचे कापड भरभर ओढतात, वरचे मागे राहते, म्हणून लांब ओळी टाचण्या लावूनच शिवाव्यात. इस्त्री करताना एका ओळीच्या शिवणी डावीकडे पाडाव्यात, पुढच्या ओळीच्या उजवीकडे, म्हणजे कोपरे एकमेकांत अडकून बसतात. यातली एकही गोष्ट पाव इंचावर अवलंबून नाही. सगळ्या त्याच त्या रीतीने करण्यावर अवलंबून आहेत.

तिसरे म्हणणे कलावंतांचे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातील गीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी झिजलेल्या कामाच्या कपड्यांतून केलेल्या क्विल्ट 2002 मध्ये ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या संग्रहालयात मांडल्या गेल्या. त्यांच्या रेषा वाकड्या आहेत आणि त्या फार सुंदर आहेत. पण वाकडी पट्टी समोर ठेवून पुढची तिच्या बेताने कापणे हे सगळे नजरेचे काम आहे. चौकटीची गोधडी करायला बसून चौकट न जुळणे याला त्या सौंदर्याचा आधार घेता येत नाही.

खरी कसोटी एकाच गोधडीचे काम चार घरी वाटले जाते तेव्हा लागते. बचत गटांत हे नेहमीचे आहे. चौघींचे हात आपापल्या जागी सारखे असले तरी चार मशीन, चार माया. इथे मी नेमकेपणाच्या बाजूने पूर्ण उभी आहे. काम वाटण्याआधी चौघींनी एकाच थानातल्या तीन पट्ट्या शिवून आणाव्यात, मधल्या पट्ट्या एकमेकींशेजारी ठेवाव्यात आणि जिची कमीजास्त असेल तिने आपल्या मशीनवरची चिकटपट्टी सरकवावी. तेही जमण्यासारखे नसेल तर वाटणी बदलावी: एकीने फक्त कापायचे, दुसरीने सगळे ब्लॉक शिवायचे, तिसरीने ओळी जोडायच्या, चौथीने अस्तर घालून धावदोरा भरायचा. ब्लॉक सगळे एका हातचे झाले की त्यांची माया दोन सूत आहे की अडीच, हे ओळी जोडणारीला विचारावेही लागत नाही.