किनाऱ्यावरचे हिवाळी पाहुणे : कुरव

दिवाळी सरते आणि आपल्या कोकणपट्टीवर पांढऱ्या-करड्या पक्ष्यांचे थवे दिसू लागतात. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमागे ते घिरट्या घालतात, हर्णैच्या बंदरात मासळीच्या लिलावाच्या वेळी होड्यांभोवती कलकलाट करतात. हे कुरव. पुष्कळ लोक ‘समुद्रपक्षी’ एवढेच म्हणून त्यांना सोडून देतात. पण श्रोतेहो, थोडे निरखून पाहिले तर या एका थव्यात निरनिराळ्या मुलखांची माणसे, म्हणजे पाखरे, एकत्र आलेली आढळतील.

यांत दोन जाती नेहमीच्या : काळ्या डोक्याचा कुरव आणि तपकिरी डोक्याचा कुरव. आता हीच नावे घोकून कोणी डिसेंबरात किनाऱ्यावर गेला, तर तो फसलाच म्हणून समजा! कारण तेव्हा दोघांचीही डोकी पांढरीच असतात. डोळ्यामागे तेवढा एक काळसर ठिपका. नावे पडली ती विणीच्या हंगामातल्या पोशाखावरून, आणि तो पोशाख घालून ते वावरतात दूर आपापल्या मायदेशी. शिवाय काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोके तेव्हाही खरे म्हणजे गडद चॉकलेटी असते!

मग ओळखायचे कसे? डोके सोडा, पंख बघा. पक्षी उडाला की पंखाच्या काळ्या टोकात पांढरे, आरशासारखे ठिपके दिसले, तर तो तपकिरी डोक्याचा. पंखाच्या पुढच्या कडेला पांढरी पट्टी चमकली, तर तो काळ्या डोक्याचा. शेपटीच्या टोकाला काळी पट्टी असेल, तर ते यंदाचे पोर समजावे. हे दोघे साधारण कावळ्याएवढे. त्यांच्यात घारीहून थोराड, पिवळ्या चोचीवर काळा पट्टा असलेला एखादा कुरव दिसला, तर तो पल्लासचा कुरव.

पाहायला जावे ते ओहोटीच्या वेळी, ऊन पाठीशी घेऊन. थवा वाळूवर विसावलेला असतो. सरळ अंगावर चालून न जाता तिरके, सावकाश जावे. थवा उडाला नाही म्हणजे आपले जमले. हे पक्षी खारे पाणी पितात आणि पचवतात. डोळ्यांच्या वर असलेल्या ग्रंथी रक्तातले जादा मीठ वेगळे काढतात आणि ते नाकपुड्यांवाटे ठिबकते.

आता थोडे आपल्या वागण्याविषयी. लाँचवरून कुरवांना शेव-गाठ्या टाकणे ही एक करमणूकच होऊन बसली आहे. मुलांना मौज वाटते, हे खरे. पक्षीही हातचा घास अचूक टिपतात. पण मासे, खेकडे, किडे हे ज्यांचे अन्न, त्यांचे पोट बेसन, तेल आणि मिठाने भरते, पोषण मात्र होत नाही. दुसरे असे, की एका घासासाठी गर्दी जमली म्हणजे रोग पसरायला वाव मिळतो. २००५ साली चीनमधल्या छिंगहाय सरोवरावर बर्ड फ्लूने हजारो पक्षी मेले. त्यांत तपकिरी डोक्याचे आणि पल्लासचे कुरवही होते.

मार्च उजाडला की काही पांढऱ्या डोक्यांवर गडद रंग चढू लागतो. पाहुण्यांची निघायची तयारी झाली, एवढाच त्याचा अर्थ! तपकिरी डोक्याच्या कुरवाला लडाखच्या त्सो मोरीरीसारख्या उंच सरोवरांवर, नाहीतर तिबेटच्या पठारावर जाऊन घरटे करायचे असते. एवढा पल्ला गाठायचा तो इथे खाल्लेल्या अन्नाच्या जोरावर. तेव्हा लाँचवर बसताना गाठ्यांची पुडी आपल्यासाठी ठेवावी आणि मुलाच्या हाती दुर्बीण द्यावी. पंखातले आरसे त्याने एकदा स्वतः शोधून काढले, म्हणजे घास टाकायची आठवणसुद्धा त्याला राहणार नाही.