वैनगंगाकाठचा सिकलसेल आणि मूलपेशींची आशा

वैनगंगेच्या काठी, भंडारा शहरासमोर कारधा हे गाव वसलेले आहे. नदीवरील पूल ओलांडला की जिल्ह्याचे ठिकाण लागते. पावसाळ्यात कारध्याच्या पुलाजवळ पाणी किती चढले याची विचारणा साऱ्या जिल्ह्यात होते, कारण पूर डोळ्यांना दिसतो. या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या वाहत आलेला दुसरा एक प्रश्न मात्र डोळ्यांना दिसत नाही. तो रक्तात आहे. सिकलसेल हे त्याचे नाव.

विदर्भातील या आजाराची नोंद वैद्यकीय वाङ्मयात जुनी आहे. नागपूरचे डॉ. शुक्ल आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचे आपले निरीक्षण 1958 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर या पट्ट्यात आदिवासी, अनुसूचित जाती आणि काही इतर मागास समाजांत हा दोष विशेष आढळतो. त्यामागे निसर्गाचा एक कठोर हिशेब आहे. आई आणि वडील यांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आलेल्या मुलाला, म्हणजे वाहकाला, घातक हिवतापापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळते. त्यामुळे ज्या प्रदेशांत हिवतापाने शतकानुशतके बळी घेतले, तेथे हे जनुक टिकून राहिले. दोघांकडूनही सदोष जनुक आले, तर मात्र त्या संरक्षणाची किंमत मूल चुकवते.

दोष वास्तविक अगदी लहान असतो. रक्ताला लाल रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनमधील एका साखळीत 146 दुवे असतात. त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढेच. परंतु प्राणवायू कमी पडताच असे हिमोग्लोबिन गोठल्यासारखे कडक होते आणि एरवी गोल व लवचिक असणारी रक्तपेशी धान कापण्याच्या विळ्यासारखी वाकडी होते. विळ्याला इंग्रजीत ‘सिकल’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडे आणि सांधे असह्य दुखू लागतात, प्लीहा निकामी होते. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. ही जेमतेम दहा-वीस दिवस टिकते. म्हणून रुग्ण सतत पांढुरका आणि थकलेला दिसतो. वर्गात मागे बसणारा, वारंवार गैरहजर राहणारा मुलगा आळशीच असेल असे शिक्षकांनी गृहीत धरू नये.

आता प्रश्न असा, की या पेशी बिघडलेल्याच जन्मतात, तर त्यांचा जन्म होतो तेथेच उपाय का करू नये? येथे मूलपेशींचा संबंध येतो. हाडांच्या पोकळीत असणाऱ्या अस्थिमज्जेत काही थोड्या पेशी अशा असतात, की त्या स्वतःसारख्या पेशी निर्माण करतात आणि त्यांच्यापासून तांबड्या, पांढऱ्या व बिंबिका अशा सर्व रक्तपेशीही घडतात. शेतकऱ्याने राखून ठेवलेल्या बियाण्याशी त्यांची तुलना करता येईल. टोरांटो येथे टिल आणि मॅक्युलॉक यांनी 1961 मध्ये उंदरांवरील प्रयोगांत या पेशींचा पुरावा दिला. पुढे डोनॉल टॉमस यांनी अमेरिकेत अस्थिमज्जारोपणाची पद्धत रुजविली; 1990 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या देशात हे तंत्र आणण्याचा मान महाराष्ट्राकडे जातो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी 1983 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका मुलीवर अस्थिमज्जारोपण केले. डॉ. अडवाणी स्वतः बालपणी झालेल्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीवरून रुग्णसेवा करीत आले आहेत, हे येथे नमूद करावेसे वाटते. 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदीनुसार, अमेरिकेतील अशाच एका आजारी मुलीला सिकलसेलही होता. रोपण कर्करोगासाठी केले गेले, परंतु तिचा सिकलसेलही बरा झाल्याचे दिसून आले. बियाणे बदलल्याने पीकच बदलले होते.

तरीही हा मार्ग सर्वांना खुला नाही. दात्याच्या ऊतींची खूण रुग्णाशी जुळावी लागते. सख्ख्या भावंडाची पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारांत एक असते. शिवाय त्या भावंडाला स्वतःला हा आजार नसावा लागतो. रुग्णाची जुनी मज्जा तीव्र औषधांनी नष्ट केल्यावरच नवी घालता येते. मधल्या काळात साधा जंतूही जिवावर बेतू शकतो, आलेल्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटू शकतात आणि पुढे अपत्यप्राप्तीवरही परिणाम होण्याचा धोका असतो.

दात्याची अडचण टाळण्याचा नवा मार्ग म्हणजे रुग्णाच्याच मूलपेशी काढून, त्यांचे जनुक दुरुस्त करून परत देणे. गर्भावस्थेत बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते व ते विळ्याचा आकार घेऊ देत नाही. जन्मानंतर त्याचे उत्पादन थांबविणारी कळ जनुकसंपादनाने निष्प्रभ करता येते. अशा उपचाराला 2023 च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने मान्यता दिली. अमेरिकेतील त्याची किंमत सुमारे 22 लाख डॉलर ठेवण्यात आली! दिल्लीच्या जिनोमिकी व समवेत जीवविज्ञान संस्थेत स्वदेशी उपचारासाठी संशोधन चालू आहे, आणि ज्या रोगाचे बहुसंख्य रुग्ण गरीब आहेत, त्यासाठी खरी कसोटी किमतीचीच राहील.

जेथे आशा मोठी असते, तेथे तिचा बाजारही मांडला जातो. मधुमेह, गुडघेदुखी, पक्षाघात, मतिमंदत्व अशा नाना विकारांवर ‘स्टेम सेल’ टोचून देण्याच्या जाहिराती केल्या जातात आणि शेतजमीन विकून लोक तिकडे धावतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठराविक विकारांसाठी केलेले रक्तमूलपेशींचे रोपण वगळता मूलपेशींचा रुग्णांवरील वापर केवळ मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीतच व्हावा, आणि अशा चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत. पैसे मागितले, की संशय घ्यावा. ग्रामपंचायत सदस्यांनी एवढी गोष्ट गावात सांगितली, तरी काही कुटुंबांची जमीन वाचेल.

दरम्यान जे हाती आहे ते थोडे नाही. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढविणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध गोळीच्या रूपात मिळते. वैद्यकीय देखरेखीखाली ते नियमित घेतल्यास वेदनेचे झटके कमी होतात. लहान मुलांना पेनिसिलिन व न्यूमोनियाची लस, भरपूर पाणी, थंडीपासून बचाव आणि ताप आल्यास त्याच दिवशी दवाखाना, यांनी जीव वाचतात. मध्य प्रदेशातील शहडोल येथे 1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. बाधित भागांतील 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणीत वाहक ठरलेली व्यक्ती रुग्ण नव्हे; तिचे लग्न मोडण्याचेही कारण नाही. दोन वाहकांचा विवाह झाल्यास मात्र प्रत्येक गर्भधारणेत मूल आजारी होण्याची शक्यता चारांत एक असते, म्हणून जोडप्याने आधीच रक्त तपासून गरोदरपणाच्या आरंभी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

सिकलसेलचा समावेश 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातही झाला आहे. रुग्णाच्या पालकांनी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची चौकशी करावी. रोपणाचा विचार करावयाचा असल्यास मूल लहान असतानाच, अवयवांची हानी होण्यापूर्वी, भावंडांच्या जुळणीविषयी तेथील डॉक्टरांना विचारावे.