पात नव्हे, बूड बघा

जूनमधल्या पहिल्या दमदार पावसानंतर कर्जतच्या बाजारात फोडशीच्या जुड्या येतात. ठाकर आणि कातकरी वाड्यांवरच्या बायका ती माळावरून खुडून आणतात. मधली कडक दांडी काढायची, बुडाची माती नीट धुवायची आणि मूगडाळ घालून किंवा पीठ पेरून भाजी करायची. त्याच दिवसांत, त्याच माळावर कोळकांद्याची पानेही वर येतात. तीही हिरवी, लांब, चपटी. फोडशी भाजी आहे, कोळकांदा विषारी. त्याच्या कांद्यात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी ग्लायकोसाइड असतात. औषधशास्त्राने त्याची दखल घेतली ती त्यांच्यामुळेच, आणि तो ताटात येऊ नये तोही त्यांच्यामुळेच.

एका वाडीवरच्या मावशींबरोबर माळ हिंडताना मी त्यांचे हात बघत होतो. पानावर नजर क्षणभरच टिकायची, बोट लगेच बुडाशी जायचे. "पात बघून काय कळतंय? बूड बघ," त्या म्हणाल्या. ओली माती बोटाने जराशी बाजूला केली की फोडशीच्या खाली जाड, मांसल मुळांचा झुबका लागतो. कांदा नसतोच. कोळकांद्याखाली पापुद्र्यांवर पापुद्रे असलेला खरा गड्डा असतो. तो चिरला तर त्याच्या रसाने हाताला खाज सुटते, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात.

दुसरी खूण वासाची. कांदा-लसणाच्या अॅलियम वंशातल्या रानटी जाती भारतात मुख्यतः हिमालयात आहेत. आपल्या माळावरच्या या कंदांची पाने कुस्करली तरी कांद्याचा वास येत नाही. पण वास नाही एवढ्यावरून जात ठरत नाही. त्यासाठी फुलापर्यंत थांबावे लागते.

कोळकांदा, म्हणजे ड्रिमिया इंडिका, फुलतो ऐन उन्हाळ्यात, पान एकही नसताना. तापलेल्या मुरमातून सरळ दांडा वर येतो आणि त्यावर खालून वर अशी फिकट तपकिरी-हिरवट फुले लागत जातात. प्रत्येक पाकळीच्या मधोमध गडद रेघ असते. पावसाआधी बोंड तडकते आणि आतून चपट्या, काळ्या, कागदासारख्या हलक्या बिया वाऱ्यावर जातात. पाने येतात त्यानंतर.

लेडेबुरिया या दुसऱ्या रानकंदाचे वेळापत्रक वेगळे. त्याची पाने आणि फुले एकत्र येतात. पाने जमिनीलगत पसरतात आणि त्यांवर जांभळट ठिपके असतात. भिंगातून पाहिले तर पाकळ्या सुट्या आणि मागे वळलेल्या, पुंकेसरांचे देठ जांभळे दिसतात. बी चपटे नसते, गोलसर असते. डिपकाडी या आणखी एका रानकंदाच्या फुलात पाकळ्या खाली जुळून नळी होते. फोडशीच्या क्लोरोफायटम वंशात सहा पांढऱ्या पाकळ्या सुट्या पसरतात, आणि फुलाच्या देठावर बारीक सांधा दिसतो.

क्रायनम या रानकंदाचा कांदा मोठा असतो, पण घराणेच वेगळे. त्याची फुले दांड्याच्या टोकाला एकाच ठिकाणाहून छत्रीसारखी निघतात आणि बीजांडकोश पाकळ्यांच्या खाली असतो. कोळकांद्यात तो पाकळ्यांच्या वर, फुलाच्या आत असतो. हा एक फरक पाहिला की अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

पुस्तकांतही सावध राहावे लागते. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने कोळकांद्याला 'सिल्ला इंडिका' म्हटले. पुढे बेकरने तेच नाव ठिपक्यांच्या लेडेबुरियाला वापरले. जुन्या नोंदीत हे नाव दिसले की पुढे कोणाचे नाव जोडले आहे ते वाचल्याशिवाय पान उलटू नये. खोपोलीच्या वरच्या घाटमाथ्याची वनस्पतीसूची फादर सांतापाव यांनी १९५३ साली छापली. ती हाताशी असली की आपल्या भागात काय शोधायचे याचा अंदाज येतो. खात्री मात्र झाडच देते.

म्हणून मला कळकळीने सांगायचे आहे की ओळखण्यासाठी कांदा उपटू नका. जागा लक्षात ठेवा. पान, फुलाचा दांडा, फूल जवळून आणि तडकलेले बोंड, या चारांचे फोटो घ्या, तारीख लिहा. भाजीसाठी खुडायचे असेल तर जाणत्या हातांबरोबरच जा.

या कामाला माळ जागच्या जागी राहावा लागतो. कर्जत-खालापुरात मुरमाड टेकाडे सपाट करून प्लॉट पाडले जात आहेत. ओसाड दिसणारे टेकाड एप्रिलमध्ये कोळकांद्याचे असते आणि जूनमध्ये फोडशीचे. उन्हाळ्यात फुललेला दांडा आणि पावसाळ्यात आलेली पाने एकाच कांद्याची आहेत, हे त्याच जागी पुन्हा उभे राहिल्यावरच सिद्ध होते. जेसीबी फिरला की एक वनस्पती जाते, आणि तिला खात्रीने ओळखण्याचा मार्गही बंद होतो.